जुना स्विच घेताना

2016च्या पावसाळ्यात मी पहिला नेटवर्क स्विच विकत घेतला आणि फसलो. 24 पोर्टांची लोखंडी पेटी, अंगावर धूळ, एका कोपऱ्यात कुठल्यातरी ऑफिसचा अर्धवट फाटलेला स्टिकर. किंमत 900 रुपये. "याच्यावर सगळं शिकता येईल ना?" असं मी दुकानदाराला दोनदा विचारलं. "अरे, बँकेतनं आलाय हा," तो म्हणाला. बँकेतनं आलाय म्हणजे भारीच असणार, असं मला वाटलं. खोलीवर आणून उलटासुलटा करून पाहिला, तर त्याला कन्सोल पोर्टच नाही. म्हणजे आत शिरायला दारच नाही. वायरी लावा, चालतो. त्यापलीकडे तो तुमचं काही ऐकणार नाही. याला 'अनमॅनेज्ड' म्हणतात, हे मला 900 रुपये गेल्यावर कळलं.

मी बी.कॉम., रात्री कॉल सेंटरला. नेटवर्किंगमध्ये घुसायचं म्हणून सीसीएनएचा अभ्यास चालू होता. लॅपटॉपवर सिम्युलेटर होता, कमांड पाठ होत्या. पण एका मुलाखतीत समोरच्याने विचारलं, "खऱ्या स्विचला कधी हात लावलाय?" मी गप्प. त्या गप्प बसण्यानंतर मी 4,000 रुपये बाजूला काढले होते. त्यातले आता 3,100 उरले.

पुन्हा फसायचं नसेल, तर ही वस्तू मुळात आहे काय आणि आली कुठून, हे आधी कळायला हवं होतं. रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये मोबाईलवर वाचत बसायचो. वाचता वाचता जे सापडलं, ते खरेदीच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त कामाला आलं.

22 मे 1973. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ याने एक टिपण लिहिलं. एका इमारतीतले संगणक एकमेकांशी कसे बोलतील, याचं. नाव दिलं ईथरनेट. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं एकोणिसाव्या शतकात मानलं जायचं, तो हा ईथर. तसलं काही नसतं हे भौतिकशास्त्राने कधीच मान्य केलं होतं, पण नाव छान होतं. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते जाळं उभं केलं. वेग सेकंदाला 2.94 मेगाबिट.

युक्ती साधी होती. सगळे संगणक एकाच जाड केबलला लटकलेले. बोलायच्या आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तर बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं आणि आपापला वेगवेगळा वेळ सोडून पुन्हा प्रयत्न करायचा. वाड्यातल्या सामायिक नळासारखं. बिऱ्हाडं चार असतील तर निभतं, चाळीस झाली की दिवसभर भांडण. पुढे हब आले, पण हब म्हणजे तोच नळ गोल पेटीत बसवलेला. एका पोर्टातून आलेलं सगळ्या पोर्टांना ओरडून सांगायचं.

यावरचा उपाय 1980च्या दशकात निघाला, त्याचं नाव ब्रिज. ब्रिज दोन जाळ्यांच्या मध्ये बसतो आणि नुसता बघत राहतो, की हा पत्ता या बाजूने बोलला, तो त्या बाजूने. तशी नोंद ठेवतो. पुढच्या वेळी निरोप आला की योग्य बाजूलाच सोडतो. पत्ता माहीत नसेल तर मात्र सगळीकडे विचारतो. चाळीतल्या पोस्टमनची रीत हीच, त्याला कुणी यादी देत नाही, तो फिरून फिरून शिकतो.

पण ब्रिज दोन वाटांनी जोडले, तर एकच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि फिरताना वाढत जातो. मी हे माझ्या 900 रुपयांच्या पेटीवर करून पाहिलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं तिच्यात खुपसली आणि लॅपटॉप जोडला. क्षणात सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे उघडझाप करायला लागले, लॅपटॉपचं नेटवर्क बसलं. त्या पेटीने मला शिकवलेली ही एकमेव गोष्ट.

हा तिढा डीईसी कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी सोडवला. ब्रिजनी आपसांत बोलून एकाला मूळ मानायचं, त्याच्यापासून झाडासारख्या फांद्या काढायच्या आणि जास्तीची वाट बंद ठेवायची. चालू वाट तुटली तर बंद वाट उघडायची. स्पॅनिंग ट्री. 1985च्या त्यांच्या निबंधात सारांशाच्या जागी त्यांनी चक्क कविता लिहिली. पाठ्यपुस्तकात हे आधी सांगितलं असतं तर तो धडा मी तीनदा सोडून दिला नसता.

आणि मग 'कल्पना'. आमच्या शाळेत प्रत्येक वर्गात एक तरी कल्पना होती. पण नेटवर्किंगच्या इतिहासात हे नाव दिसेल असं स्वप्नातही नव्हतं. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी 1987 साली सिलिकॉन व्हॅलीत कंपनी काढली आणि भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव तिला दिलं. 1990 साली या कल्पना कंपनीने 7 पोर्टांचा ईथरस्विच बाजारात आणला. खरं तर तो अनेक तोंडांचा ब्रिजच. पण ब्रिज पूर्ण निरोप आत घेऊन मग पुढे सोडायचा. हा मात्र पहिले 6 बाइट, म्हणजे कुणाकडे जायचंय तो पत्ता, वाचला की लगेच सोडायला लागायचा. आणि 'ब्रिज' या शब्दाऐवजी त्यांनी 'स्विच' म्हटलं. आज जगभर जो शब्द रुळलाय, तो असा विक्रीच्या गरजेतून रुळला. 1994 साली सिस्कोने कल्पना विकत घेतली. नाव पुसलं गेलं. दोन-चार वायरी एकत्र बांधून एक जाड वाट करायची ईथरचॅनेल ही तिची युक्ती मात्र अजून चालते.

हे वाचताना डोक्यात प्रकाश पडला. पेटी जुनी होते, पण तिच्यातला विचार आधीच जुना आहे. 'पत्ता बघ, नोंद ठेव, योग्य दारातून सोड' हे काम 2005चा स्विच जसं करतो, तसंच नवा करतो. कंपन्या तो फेकतात त्याची कारणं वेगळी असतात. पोर्टांचा वेग 100 मेगाबिट आहे आणि आता गिगाबिट हवा. निर्मात्याने त्या मॉडेलचे सॉफ्टवेअर अपडेट बंद केले. पंखे कुरकुरायला लागले. यातली दोन कारणं शिकणाऱ्याला फारशी लागू नाहीत. अपडेटचं तेवढं लागू आहे, म्हणून असा स्विच घरच्या इंटरनेटच्या तोंडाशी बसवू नये, लॅबमध्ये वेगळा ठेवावा. आजच्या लॅपटॉपवरून एसएसएच करायला गेलात तर जुन्या स्विचची कुलपं बघून लॅपटॉपच नकार देऊ शकतो. तेव्हा कन्सोलची केबल आधी घ्या.

पंख्याचं मी हलक्यात घेतलं होतं, ते चुकलं. हे स्विच बंद सर्व्हर रूमसाठी बनलेले असतात, 10 बाय 10च्या खोलीत तिघं झोपतात याचा विचार त्यांच्या आराखड्यात नसतो. विजेचंही तसंच. 30 वॉटचा स्विच दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला 21-22 युनिट होतात. आमच्या खोलीला वेगळा मीटर होता आणि घरमालक काकू तो स्वतः वाचायच्या. "अरे, फ्रिज घेतलात का काय रे?" असं त्यांनी एकदा जिन्यात विचारलं. तेव्हापासून अभ्यास संपला की बटण बंद.

दुसरी खरेदी हडपसरच्या एका मुलाकडून. तो परीक्षा पास होऊन दुबईला निघाला होता. 8 पोर्टांचा कॅटलिस्ट 2960, बिनपंख्याचा, 2,200 रुपयांना. सोबत 24 पोर्टांचा जुना 2950, 600 रुपयांना. या वेळी मी आधी कन्सोल पोर्ट पाहिला, प्लग लावून पूर्ण बूट होईपर्यंत बसलो, एकच वायर एकेका पोर्टात घालून दिवा लागतो का पाहिलं. तो वैतागला, पण चहा पाजला. 300 रुपयांत यूएसबीची कन्सोल केबल आली आणि पैसे बरोब्बर संपले.

2950ला पासवर्ड होता आणि तो त्या मुलालाही आठवेना. पुढचं मोड बटण दाबून धरत वीज चालू केली, जुन्या कॉन्फिग फाइलचं नाव बदललं, बूट केला. आत शिरल्यावर ती जुनी फाइल उघडली. कुणाच्यातरी कारखान्याचं नेटवर्क होतं ते. अकाउंट्स, स्टोअर्स, कँटीन अशी व्हीलॅनची नावं, दोन माणसांची लॉगिनं. कँटीनला वेगळं व्हीलॅन देणारा तो माणूस कोण असेल, असं वाटत राहिलं. मग फाइल पुसली. 2023 साली ईसेट कंपनीच्या संशोधकांनी असेच वापरलेले राउटर विकत घेतले, तर निम्म्याहून जास्तींत आधीच्या मालकाची माहिती तशीच निघाली. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. तुमचा स्विच कधी विकलात तर आधी पुसा.

त्या रात्री दोन्ही स्विच मी मुद्दाम दोन वायरींनी जोडले. 30 सेकंद दिवे पिवळे. मग सगळे हिरवे झाले, 2960वरचा एक सोडून. तोच रेडिया पर्लमनचा बंद दरवाजा. गंमत म्हणजे मूळ कोण हे ठरवताना काहीच सांगितलं नसेल, तर ज्याचा पत्ता लहान तो जिंकतो, आणि लहान पत्ता बहुतेकदा जुन्या स्विचचा असतो. माझ्या खोलीत 600 रुपयांचा, खरखरणारा 2950 राजा झाला होता.

हिरव्या दिव्याची वायर उपटली. अर्ध्या मिनिटाने पिवळा हिरवा झाला. पुन्हा लावली, पुन्हा उपटली.

"झोप आता," पलीकडून पांघरुणातून आवाज आला, "आणि तो पंखा बंद कर."