विविधरंजन कार्यक्रम, दूरचित्रवाणीवरील

गायन, नृत्य, विनोदी प्रवेश, जादू, कसरती इत्यादींची एका सूत्रधाराच्या निवेदनाने गुंफण केलेला दूरचित्रवाणी-कार्यक्रम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४८ पासून सु. दोन दशके हा प्रकार अत्यंत लोकप्रिय होता. त्याचे मूळ ‘व्हॉदव्हिल’ या रंगमंचीय मनोरंजनप्रकारात आढळते. बोलपट व नभोवाणी यांच्या स्पर्धेमुळे व्हॉदव्हिल १९३० च्या सुमारास मागे पडले. तथापि त्यातील अनेक कलावंत प्रथम नभोवाणीकडे व पुढे दूरचित्रवाणीकडे वळले.

जून १९४८ मध्ये मिल्टन बर्ल (१९०८–२००२) याचा ‘टेक्साको स्टार थिएटर’ आणि एड सलिव्हन (१९०१–७४) या वृत्तपत्रीय स्तंभलेखकाचा ‘टोस्ट ऑफ द टाउन’ हे कार्यक्रम सुरू झाले. दुसऱ्याचे १९५५ मध्ये ‘द एड सलिव्हन शो’ असे नामांतर झाले. ऑपेरागायन, कसरती, बाहुल्यांचा खेळ आणि रॉक संगीत हे सर्व त्यात एकत्र नांदत असे. बहुतेक घरांत एकच संच असल्याने आपल्या आवडीच्या कलावंतासाठी थांबलेल्या प्रत्येकास इतरांच्या आवडीचेही पाहावे लागे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी या कार्यक्रमातील ‘बीटल्स’चे गायन सु. ७·३ कोटी लोकांनी पाहिले.

हीच सामाईक अभिरुची पुढे दुभंगली. संगीताच्या आवडीतील पिढ्यांचे अंतर वाढले. घरात दुसरा संच आला. जाहिरातदार एकूण प्रेक्षकसंख्येपेक्षा तरुण, शहरी ग्राहकास अधिक महत्त्व देऊ लागले. सलिव्हनचा कार्यक्रम १९७१ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी सीबीएस या प्रक्षेपणसंस्थेने ग्रामीण जीवनावरील अनेक विनोदी मालिकाही थांबविल्या. त्यांना प्रेक्षक होते. परंतु ते जाहिरातदारांना हवे असलेले नव्हते. कॅरल बर्नेट हिचा विनोदी प्रवेशांवर भर देणारा कार्यक्रम मात्र १९७८ पर्यंत टिकला. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने (१९७५) रात्री उशिराचा तरुण प्रेक्षक आपलासा केला, तर १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘एमटीव्ही’ने संगीतासाठी स्वतंत्र वाहिनीच दिली.

‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’सारख्या (२००६) स्पर्धांतून गायक, जादूगार व कसरतपटू पुन्हा एका मंचावर आले, परंतु तेथे मुख्य आकर्षण जय-पराजयाचे असते. या प्रकाराच्या ऱ्हासाने त्यातील कला नष्ट झाल्या नाहीत. त्यांना स्वतंत्र प्रेक्षकवर्ग लाभले. लोपली ती न निवडलेली कलाही सहज दृष्टीस पडण्याची संधी.