प्रकाशमापनातील सरळ रेषा

प्रकाश दुप्पट झाला की उपकरणाचे वाचनही दुप्पट व्हावे, या अपेक्षेला मापनशास्त्रात रेषीय प्रतिसाद म्हणतात. विद्युत-प्रकाशमापनात ती पुरी होण्यास जवळजवळ शतक लागले, आणि त्याचे श्रेय सहसा नव्या पदार्थांना दिले जात असले तरी निम्म्याहून अधिक काम मंडलाच्या जोडणीने केले.

समुद्राखालील तारांच्या चाचणीसाठी सेलेनियमच्या कांड्या वापरणाऱ्या विलोबी स्मिथ या तारयंत्र-अभियंत्याने 1873 मध्ये, उजेड पडताच या कांड्यांचा विद्युतरोध घटतो, हे प्रसिद्ध केले. लवकरच विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स यांना असे आढळले की रोधातील बदल प्रकाशतीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. म्हणजे उजेड चौपट करावा तेव्हा बदल दुप्पट. मोजपट्टी म्हणून असा पदार्थ गैरसोयीचाच होता.

1930 च्या दशकात छायाचित्रकारांच्या प्रकाशमापकांत आलेले सेलेनियम-घट निराळे होते, कारण ते बॅटरीशिवाय स्वतःच धारा निर्माण करीत. पण ही धारा बाहेरच्या रोधातून वाहू लागली की घटाच्या टोकांवर विद्युतदाब साठतो आणि तो दाब धारेचा काही भाग घटाच्या आतूनच परत वळवतो. वरच्या अंगाला भोके असलेली घागर जितकी भरावी तितकी अधिक गळते, तसेच हे. टोके मोकळी ठेवून केवळ दाब मोजला, तर तो प्रकाशाच्या लॉगरिदमनुसार वाढतो: आदर्श सिलिकॉन डायोडमध्ये दसपट उजेडामागे जेमतेम 60 मिलिव्होल्ट.

नॉर्मन कॅम्बेल आणि फ्रीथ या ब्रिटिश संशोधकांनी यावर काढलेला तोडगा फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही, हे अन्यायाचेच म्हणावे लागेल. घटाच्या टोकांना संवेदनशील गॅल्व्हानोमीटर जोडावा, बाहेरच्या बॅटरीने एका ठरावीक रोधातून धारा वाहवावी आणि काटा शून्यावर स्थिरावेपर्यंत नियंत्रक हाताने फिरवावा. त्या क्षणी घटावरील दाब शून्य असतो, आतली गळती थांबते आणि रोधातली धारा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात येते.

पुढे सिलिकॉनचा फोटोडायोड आला, त्याची जोडी ऑप-अँप या प्रवर्धकाशी जमली, आणि हाताचे काम मंडलाकडे गेले. फोटोडायोड प्रवर्धकाच्या ऋण प्रवेशाला जोडतात, धन प्रवेश भूमीला देतात आणि निर्गमापासून ऋण प्रवेशापर्यंत एक रोध परत आणतात. दोन्ही प्रवेशांतील फरक प्रवर्धक सतत पुसत राहतो, म्हणून डायोडवरील दाब शून्यापाशीच टिकतो. एक मायक्रोअँपिअर धारा आणि एक मेगओहम रोध असेल तर निर्गमावर बरोबर एक व्होल्ट मिळतो. मात्र 1968 च्या सुप्रसिद्ध 741 प्रवर्धकाचा प्रवेश स्वतःच सुमारे 80 नॅनोअँपिअर धारा घेई, त्यामुळे मंद उजेडाचे काही नॅनोअँपिअर त्यात हरवून जात. 1970 च्या दशकात क्षेत्रप्रभावी ट्रान्झिस्टरचे प्रवेश असलेले प्रवर्धक एका चिपवर सहज मिळू लागले, तेव्हा ही उणीव भरून निघाली.

त्याच दशकात कॅमेऱ्यांत सिलिकॉन फोटोडायोड बसू लागले, पण तिथे सरळ रेषा अडचणीची ठरली, कारण छिद्र आणि शटर यांचे टप्पे दुपटीने बदलतात. अभियंत्यांनी डायोडवरील दाब शून्यावरच ठेवला आणि परतीच्या मार्गातील रोधाच्या जागी दुसरा डायोड बसवून लॉगरिदम मुद्दाम परत आणला.