रोमन संख्याचिन्हे

रोमन संख्याचिन्हे : प्राचीन रोममध्ये रूढ झालेली, लॅटिन अक्षरांनी संख्या लिहिण्याची पद्धत. तिच्यात सात चिन्हे आहेत : आय (१), व्ही (५), एक्स (१०), एल (५०), सी (१००), डी (५००) आणि एम (१०००). शून्याला चिन्ह नाही. महाराष्ट्रातील मुलांना ही चिन्हे पाचवीच्या गणितात शिकवली जातात.

लेखनाचे नियम : (१) चिन्हे मोठ्याकडून लहानाकडे लिहून त्यांची बेरीज करतात. परळी वैजनाथच्या वैद्यनाथाची गणना ज्या बारा ज्योतिर्लिंगांत होते, ते बारा एक्स-आय-आय असे लिहितात. (२) आय, एक्स, सी आणि एम ही चिन्हे लागोपाठ जास्तीत जास्त तीनदा येतात. व्ही, एल आणि डी यांची पुनरावृत्ती होत नाही. (३) लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे आल्यास ते वजा होते. आय फक्त व्ही व एक्सपूर्वी, एक्स फक्त एल व सीपूर्वी, सी फक्त डी व एमपूर्वी येते, आणि तेही एकदाच. म्हणून आठ म्हणजे व्ही-आय-आय-आय, आय-आय-एक्स चूक. (४) हजार, शतक, दशक, एकक यांचे लेखन स्वतंत्रपणे करून ते क्रमाने जोडतात. ४९ म्हणजे एक्स-एल (४०) आणि आय-एक्स (९). आय-एल हे लेखन अग्राह्य ठरते.

वाचन : डावीकडून वाचताना पुढचे चिन्ह मोठे असेल तर जोडी एकत्र घ्यावी. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरील लेखात पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या आगमनाचे वर्ष एम-सी-एम-एक्स-आय असे कोरले आहे : १००० + ९०० + १० + १ = १९११. ही वास्तू खुली झाली ते १९२४ हे वर्ष एम-सी-एम-एक्स-एक्स-आय-व्ही असे होईल.

मर्यादा व अपवाद : या नियमांनी ३९९९ पर्यंतच लिहिता येते, त्यापुढे चिन्हावर आडवी रेघ देऊन त्याची किंमत हजारपट करतात. अनेक घड्याळांच्या तबकड्यांवर चारसाठी आय-व्हीऐवजी चार आय आढळतात. खुद्द रोमन लोकही दोन्ही रूपे वापरत. आजचे काटेकोर नियम नंतर स्थिरावले. त्यांचे मोल असे की प्रत्येक संख्येला एकच ग्राह्य रूप मिळते. म्हणून शंका आल्यास वाचलेली संख्या स्थानांनुसार फोडून पुन्हा लिहावी. मूळ रूपच आले, तर लेखन बरोबर.