टोंकात्सु भोजनगृह

टोंकात्सु भोजनगृह : डुकराच्या मांसाचे तळलेले काप मुख्य पदार्थ म्हणून देणारे जपानी उपाहारगृह. मेजी काळात (१८६८–१९१२) पाश्चात्त्य कटलेटवरून हा पदार्थ घडला. टोकिओतील गिंझा भागात १८९५ मध्ये सुरू झालेल्या ‘रेंगातेइ’ या उपाहारगृहाला त्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते. बारीक चिरलेली कच्ची कोबी सोबत देण्याची प्रथाही तेथलीच मानतात.

मांसाचा जाड काप मैदा, फेटलेले अंडे आणि ‘पांको’ हा भरड पावचुरा यांत क्रमाने घोळवून भरपूर तेलात किंवा चरबीत तळतात. ‘रोसु’ हा चरबीची कड असलेला रसदार काप, तर ‘हिरे’ हा कमी चरबीचा व मऊ असतो. चॉपस्टिकने उचलता यावा म्हणून तळलेला काप पट्ट्यांत कापूनच वाढतात. ताटात भात, मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे सूप, लोणचे, तिखट मोहरी व दाट आंबटगोड सॉस असतो. काही ठिकाणी ग्राहक खाचांच्या खलात तीळ कुटून ते सॉसमध्ये मिसळतो. अनेक भोजनगृहांत भात व कोबी पुन्हा मोफत मिळतात. नागोया येथे लाल मिसोचा सॉस वापरतात.