कागदासाठी घडलेली लेन्स

परवा नातू म्हणाला, "आजोबा, आरेतले कोळी-किडे टिपायला मॅक्रो लेन्स घ्यायची आहे. पन्नास-साठ मिमीची घेऊ की शंभरची?" मी कपाटातून माझी जुनी ५५ मिमीची मायक्रो-निक्कोर काढली आणि मास्तरी सवयीने इतिहासापासून सुरुवात केली!

१९५५ साली हाइन्झ किलफिट यांची ४० मिमीची माक्रो-किलार आली. नळ्या न जोडता दूरपासून अगदी जवळपर्यंत फोकस करणारी ती पहिली लेन्स. पुढच्याच वर्षी निकॉनने ५ सेंटिमीटरची मायक्रो-निक्कोर काढली, पण किड्यांसाठी नव्हे, कागदांसाठी. मायक्रोफिल्मवर जपानी लिपीतली गुंतागुंतीची बारीक अक्षरे नीट वाचता यावीत, पानाचे कोपरेही मध्याइतकेच स्पष्ट यावेत, हा हेतू.

माझी लेन्स त्याच घराण्यातली, १९७९ साली आलेल्या मॉडेलची. बोरा बाजारातून जुनीच घेतली आणि शाळेच्या हस्तलिखित अंकांचे एकेक पान टिपले. स्टाफरूममध्ये थट्टा झाली. मग २६ जुलै २००५ चा पाऊस आला. कपाट पाण्यात गेले, अंकांचा लगदा झाला. मुलांच्या अक्षरांचे आज उरले आहेत ते फक्त हे फोटो.

रविवारी दोघे आरेत गेलो. झाडाच्या सालीवर उड्या मारणारा एक कोळी दिसला. माझी लेन्स निम्म्या आकाराचे चित्र देते. एक सेंटिमीटरचा कोळी फिल्मवर पाच मिलिमीटरचा! पूर्ण आकारासाठी नळी जोडावी लागते. निकॉनची १९८९ ची किंवा कॅननची २००५ ची ६० मिमी लेन्स नळीशिवाय पूर्ण आकार देते. पण मग वस्तूपासून फिल्मपर्यंत अंतर उरते वीसेक सेंटिमीटर, आणि त्यातले बरेचसे कॅमेरा नि लेन्सच खातात. कोळ्यासमोर मोकळी जागा जेमतेम सात ते नऊ सेंटिमीटर. आपलीच सावली पडते आणि तो पसार! शंभरच्या लेन्सला ही जागा साधारण दुप्पट मिळते. म्हणजे पळणाऱ्यासाठी शंभर. पान, बुरशी, साल यांसाठी पन्नास-साठ.

नातू म्हणाला, "सालीचे फोटो कोण बघणार?"

मी म्हटलं, अरे, १९४९ साली दुधासाठी वसवलेल्या या वसाहतीतून २०१० मध्ये विंचवाची नवी जात नोंदली गेली. तिचं नावच 'लायकस आरेएन्सिस'! आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांवर झाडं तोडली. त्यांच्या सालीखाली कोण कोण राहत होतं, कुणी टिपून ठेवलंय का?

तो गप्प झाला. बहुधा शंभरचीच घेईल. असो, घेऊ दे. माझी अट एकच: प्रत्येक फोटोखाली तारीख आणि जागा लिहायची. आमच्या अंकांच्या फोटोंमागे मी ती लिहिली होती, म्हणून तर कुठले पान कुठल्या वर्षीचे ते आज सांगता येते.