‘माणूस’ आज पाहताना

एखादी जुनी प्रेमकथा ‘आजही टिकून आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय टिकलेले असते? पुष्कळदा केवळ गाणी टिकलेली असतात आणि त्यांच्या आधाराने आपण कथाही टिकली असे मानून चालतो. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटाबाबत हा प्रश्न पुन्हा एकदा विचारून पाहावा, असे वाटते.

‘माणूस’ ही प्रभात फिल्म कंपनीची निर्मिती. हिंदीत तो ‘आदमी’ या नावाने निघाला. त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याखेरीज त्याचे मर्म कळत नाही. शरच्चंद्रांच्या कादंबरीवरून प्रमथेश बरुआ यांनी केलेला न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ १९३५ साली आला आणि प्रेमभंग झालेल्या नायकाने दारूत स्वतःला संपवावे, या कल्पनेला एक करुणरम्य प्रतिष्ठा लाभली. ‘माणूस’ हे त्या प्रतिष्ठेला दिलेले रोखठोक उत्तर होते. प्रेम विफल झाले तरी आयुष्य उरते आणि ते जगायचे असते, हे त्याचे सांगणे. त्याचे मराठी संवाद ‘चांदरात’कार अनंत काणेकरांनी लिहिले होते, ही बाबही साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. भाबड्या प्रणयाविषयीचा मिस्कील अविश्वास चित्रपटभर जाणवतो. पडद्यावरील लाडिक प्रेमगीतांची तर त्यात खुशाल टर उडवलेली आहे. म्हणजे प्रेमपटाच्या संकेतांना हसणारा प्रेमपट आपल्याकडे १९३९ सालीच होऊन गेला!

कथा साधी आहे. जुगाराच्या अड्ड्यावर पडलेल्या धाडीत गणपत या पोलीस शिपायाला (शाहू मोडक) मैना ही वेश्या (शांता हुबळीकर) भेटते. सहानुभूतीतून प्रेम उपजते. गणपत तिला आपल्या भाविक आईपुढे नेतो. पण त्या घरातल्या मायेचे आणि पावित्र्याचे ओझे मैनेला पेलवत नाही. ती तिथून निघून जाते. पुढे तिच्या हातून दुष्ट मामाचा खून होतो आणि तिला अटक होते. गणपत तिला सोडवू पाहतो, ती नकार देते आणि जन्मठेप पत्करते. गणपत निराशेच्या गर्तेतून बाहेर येऊन आपल्या कर्तव्याकडे परततो.

काही महिन्यांपूर्वी आम्ही हा चित्रपट एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दाखवला. नाटकी उच्चार आणि संथ गती यांना मुले सुरुवातीला हसली. आईच्या घरातला प्रसंग आला तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला. चित्रपट संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “जगण्यासाठी जगायचं, हे गणपतला कळलं. पण मैनेनं कशासाठी जगायचं?”

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. वर्षानुवर्षे आम्ही ‘माणूस’चा आशावाद शिकवत आलो होतो. तो आशावाद गणपतपुरताच आहे आणि त्याची किंमत मैनेने तुरुंगात चुकवली आहे, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. मग ‘कुंकू’ (१९३७) आठवला. तिथे जरठ-कुमारी विवाहाचा पेच सुटतो तो वृद्ध पतीच्या आत्महत्येने. इथे नायकाला आत्महत्येपासून परत फिरवले जाते, पण नायिकेला कथेबाहेर काढूनच. प्रश्न निर्भयपणे मांडायचा आणि उत्तराच्या वेळी एका माणसाला दूर करायचे, ही प्रभातच्या सामाजिक चित्रपटांची मर्यादाच म्हणावी लागेल.

मग ‘माणूस’ कालबाह्य ठरतो का? आम्हाला तसे वाटत नाही. चित्रपटाचा बोध जुना झाला आहे, त्यातली मैना झालेली नाही. निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या त्यांच्या भाषेत रिझवणारी, सगळ्यांच्या भाषेत गाणारी ही बाई आपल्या स्वतःच्या इच्छेविषयी बोलायची वेळ आली की अडखळते. समाजाने नाकारण्यापूर्वीच ती स्वतःला नाकारते. ही मनात मुरलेली अपात्रतेची भावना शांताराम आणि हुबळीकर यांनी इतकी अचूक दाखवली आहे की, चित्रपटाचा शेवट त्याच चित्रपटातल्या दृश्यांना अपुरा पडतो. विद्यार्थिनीचा प्रश्नही बाहेरून लादलेला नव्हता. तो मैनेच्या चेहऱ्यावरूनच आलेला होता.

अभिजात कृती आजच्या प्रेक्षकाशी सहमत असावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिने आपल्याला वाद घालण्याजोगे काही द्यावे, एवढे पुरे. ‘माणूस’ ते देतो. म्हणून तो वर्गात दाखवावा. मात्र शेवटच्या दृश्यानंतर लगेच दिवे लावून बोध सांगण्याची घाई करू नये. मुलांना आधी मैनेविषयी बोलू द्यावे.