कामठीचं वझं

जुन्या लुगड्याची पट्टी हातावर पिळायची, गोल फिरवायची, टोक आत खोचायचं, की चुंबळ तयार. आमची आजी हे सहज करून दाखवायची. "वझं बराबर टाळूवर बसलं पायजे, नाही तं मान गेलीच समज." तिच्या मायनं नागपूरहून कामठीला गाठोडी वाहिली होती. ती गोष्ट निघाली की आजी हमखास म्हणायची, "जाईबाईनंबी हेच वझं वाह्यलं."

जाईबाई चौधरी मूळच्या उमरेडच्या. जन्म १८९२ चा, महार कुटुंबातला. १८९६ च्या दुष्काळानं घर उठलं आणि नागपुरात आलं. नवव्या वर्षी, १९०१ मध्ये, बापूजी चौधरींशी लग्न झालं. घरची परिस्थिती बेताची, म्हणून कामठीची हमाली. एका बाजूनं पंधराएक किलोमीटर, तेही डोक्यावर ओझं घेऊन. ही मुलगी लिहू-वाचू शकते हे ग्रेगरी नावाच्या मिशनरी सिस्टरच्या लक्षात आलं. महिना चार रुपयांवर तिनं त्यांना मिशनच्या शाळेत शिकवायला ठेवलं. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुलं पाठवायचं बंद केलं. नोकरी गेली.

दुसरं कुणी पुन्हा चुंबळ बांधून कामठीचा रस्ता धरला असता. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा काढली. माझ्या लेखी विदर्भाच्या इतिहासातलं हे फार मोठं पाऊल आहे. वस्तीतल्या पोरी कामावर जाणाऱ्या. त्यांच्या हाती पाटी द्यायची म्हणजे आधी दारोदार जाऊन आयाबायांना पटवायचं.

१९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. जाईबाई तिथं गेल्या, तेव्हा शिकल्या-सवरलेल्या सवर्ण बायकांनी त्यांना जेवायला वेगळं बसवलं. हे सांगताना आजीचा आवाज चढायचा. पण दलित बायका गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी सभा घेऊन जाहीर निषेध केला.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो बायका. मायचं बोट धरून आजीही त्या गर्दीत होती. समाज किती पुढं गेला हे मी त्यातल्या बायका किती पुढं गेल्या यावरून मोजतो, असं बाबासाहेब तिथं बोलले. आजीला भाषणातलं फारसं उमगलं नव्हतं, पण मांडवात कुणी कुणाला वेगळं बसवलं नाही, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं.

जाईबाई आता नाहीत. त्यांचं आणि त्यांच्यासारख्या कितीतरी बायकांचं काम आज वाचायला मिळतं, कारण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचं पुस्तक १९८९ चं. त्यातल्या बहुतेक बायका आता हयात नाहीत.

तुमच्या घरात, वस्तीत नव्वदीची कुणी आजी असेल, तर तिच्याजवळ बसा. तिची माय काय काम करायची, ती शाळेत कुणामुळं गेली, हे विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून ठेवा. हे काम लांबणीवर टाकू नका.